राखणदाराचा हिरवा दिवा

आमच्या आण्णांना दोनदा फसवलं. पहिल्यांदा यंत्रानं, दुसऱ्यांदा माणसानं. पहिल्या वेळी मी धावत त्यांच्यापाशी पोचले होते. दुसऱ्या वेळीही पोचले, पण ते मला दारातून आत घेईनात.

आण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल तातोबा मगदूम. इचलकरंजीत घराला लागूनच त्यांची मागांची शेड होती. सगळा जन्म त्या खडखडाटात काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. माग चालू असताना शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून शेडमधली माणसं हातांनी बोलतात. ओंजळ तोंडाशी नेली की चहा आला. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला, आता नीट काम करा. आणि दोन बोटं जुळवून छातीपुढे धरली, झटक्यानं फाकवली आणि मग तळहात आडवा धरला, की सूत तुटलंय, माग थांबव. ही खूण मी शाळेत जायच्या आधी शिकले. आम्ही ती घरातही वापरायचो. मी काहीतरी बरळायला लागले आणि आईचा पारा चढायला लागला, की आण्णा तिच्या पाठीमागून मला सूत तुटल्याची खूण करायचे आणि मी गप्प व्हायचे.

पुढे आई गेली. मी पुण्यात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आण्णांनी काही शेड सोडली नाही. मग आमचं नातं फोनवर राहिलं. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "जेवलासा काय?" आणि ते म्हणायचे, "आत्ताच कुठलं? माणसं जेवतात तवा जेवणार की." रोज हेच. यातला एक शब्द बदलला असता तरी आम्हा दोघांना चुकल्यासारखं झालं असतं.

त्या वर्षी कर खात्याच्या नावानं फोन यायची साथच आली होती. आमच्या गावात पोलीस दारात आला तर त्याला चहा पाजतात, पण कराचा कागद आला की घरातली चूल थंड होते. फसवणाऱ्यांना हे कुठून कळलं कोण जाणे. आण्णांना फोनवर एक साहेब दिसला. मागे शिक्का, पुढे टेबल, तोंडी आण्णांनी भरलेल्या विवरणपत्रांची खडानखडा माहिती. तुम्ही चौकशीखाली आहात, दार लावून घ्या, कुणाशी बोलायचं नाही, फोन बंद करायचा नाही. आण्णा दोन दिवस त्या फोनसमोर बसून होते. आंघोळीला जाऊ का साहेब, असं विचारून गेले होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, शेडचा जॉबर इराप्पा यानं सांगितलं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि इराप्पा तर माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे होता.

तो साहेब नव्हताच. एका यंत्रानं चेहरा, आवाज आणि दरारा तयार केला होता. ते यंत्र त्याच वेळी आणखी किती जणांना दम देत बसलं होतं, देव जाणे. साठवलेलं बरंचसं गेलं. मी पोचले तेव्हा आण्णा शेडमध्ये बंद मागांच्या मध्ये उभे होते. मला म्हणाले, "चंदना, मी येडा हाय काय गं?" त्या साहेबाला मी माफ करू शकले असते, पण आण्णांना हा प्रश्न विचारायला लावल्याबद्दल नाही.

त्यानंतर बाजारात राखणदार आला.

तो कसा चालतो हे मी वर्गात शिकवत असे, म्हणून चार ओळींत सांगते. माणूस बोलतो तेव्हा त्याचं हृदय थांबलेलं नसतं. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची लाट गळ्यातल्या स्वरतंतूंपर्यंत पोचते आणि आवाजाची पट्टी कणभर हलते. कानाला ते कळत नाही, पण सूक्ष्म मोजणीला कळतं. शिवाय श्वास सरत येतो, तोंडात लाळ जमते, स्नायू दमतात. या सगळ्या बारीक थरथरी एकमेकींत कापडासारख्या विणलेल्या असतात. यंत्राला त्यातली एक नक्कल करता येते, दोन येतात, पण सगळ्या एकदम जुळवायला गेलं की कुठंतरी विणकाम चुकतंच. राखणदार ती चूक शोधतो. आवाज जिवंत असला तर हिरवा दिवा लागतो. नसला तर लाल, आणि तो आवाज कानापर्यंत येऊच दिला जात नाही. त्याची खात्री इतकी पटली की पुढे दस्त नोंदवायलाही सहीऐवजी जिवंत आवाज चालू लागला.

आण्णांच्या श्रवणयंत्रात आणि फोनमध्ये मी राखणदार बसवून घेतला. त्याच्या जोडीला एक नियमही घालून दिला. साहेब कुठलाही असो, फोन ठेवायचा आणि आपण होऊन मला लावायचा. खातं फोनवर अटक करत नाही, फोनवर पैसे मागत नाही, आणि घाई तर मुळीच करत नाही. आण्णांनी नियम पाळला. पुढच्या वर्षात अनेक साहेब आले आणि गेले. प्रत्येक वेळी मला फोन यायचा, "आलाय बग आणि एक. दिला हाकलून." मंदिरात म्हाताऱ्यांना गोळा करून ते याच्या गोष्टी सांगू लागले. त्यांचा ताठा परत आला आणि मला बरं वाटलं.

मग माझा घसा बसला. शिकवणाऱ्यांचा बसतोच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. तपासणीत गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आण्णांना म्हटलं, घशाचं बारीक काम आहे, थोडे दिवस बोलता येणार नाही. डॉक्टरांनाही तेव्हा तसंच वाटत होतं. आत गेल्यावर त्यांना माझं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. शुद्धीवर आले तेव्हा गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक होतं आणि माझा श्वास तिथून ये-जा करत होता.

आजकाल अशा माणसाला मुकं राहावं लागत नाही. माझ्या जुन्या व्याख्यानांवरून माझा आवाज बनवला गेला. गळपट्टीत बसवलेलं यंत्र ओठांची हालचाल वाचतं आणि बोलतं. आवाज हुबेहूब माझा, फक्त पाणी मागितलं तरी मागच्या बाकावरच्या मुलांना दटावल्यासारखा यायचा. नर्स हसायच्या. मीही हसायचे, म्हणजे माझे खांदे हलायचे.

यंत्र बसवलं त्याच संध्याकाळी मी घरी फोन लावला.

"आण्णा, जेवलासा काय?"

मला उशिरा उमगलं की त्यांना यातलं काही ऐकूच गेलं नव्हतं. त्यांच्या कानात राखणदार सांगत होता, हा आवाज जिवंत माणसाचा नाही. आपल्या ओळखीच्या व्यक्तीची नक्कल केली जात आहे.

"लाज वाटत न्हाई तुमाला?" आण्णा म्हणाले. "पोरगी तिकडं दवाखान्यात पडलीया, आणि तिचा आवाज घेऊन येताय?"

फोन कट झाला. मी पुन्हा लावला तर त्यांनी माझा नंबरच बंद करून टाकला होता. त्या दिवशी मी खूप रडले. स्वरयंत्र नसलेल्या माणसाच्या रडण्याला आवाज नसतो, शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळलंसुद्धा नाही.

लेखी निरोप आण्णा वाचत नसत. लिहिलेलं कुणीही लिहू शकतं, हे मीच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. राखणदार बनवणाऱ्या कंपनीकडे मी सवलत मागितली. उत्तर लगेच आलं. नोंदणीसाठी खालील वाक्य स्वतःच्या जिवंत आवाजात वाचा. मी ते वाक्य ओठांनी वाचलं. लाल दिवा लागला. शेवटी इराप्पाला कळवलं, आण्णांना सांग, माझा आवाज गेलाय, आता यंत्रातून बोलते. आणि रोजच्या किरणोपचारांना जात राहिले, कारण ते संपेपर्यंत पुणं सोडायची मुभा नव्हती.

त्या काळात इचलकरंजीत काय झालं ते मला पुढे आण्णांच्या फोनमध्ये साठलेल्या संभाषणांतून कळलं. ती सगळी मी ऐकली आहेत. ऐकायला नको होती.

राखणदार आल्यावर फसवणारे काही काळ गोंधळले असतील. मग त्यांना साधा उपाय सुचला. यंत्राचा आवाज अडवतात ना, मग माणूस बसवा. शिकलेली, गोड बोलणारी, रिकामी बसलेली मुलं-मुली थोडीथोडकी नव्हती. त्यांना पगारावर घेणं कुठलंही यंत्र बनवण्यापेक्षा स्वस्त पडत होतं.

आण्णांना फोन करणारीनं आपलं नाव रेवती इनामदार सांगितलं. कर खात्याचा नागरिक संरक्षण विभाग. पहिलंच वाक्य, "काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी तुमचा राखणदार बघा. दिवा हिरवा आहे ना? मगच बोलू." आण्णांनी बघितलं. हिरवा होता. तिचं हृदय ठोके देत होतं, श्वास सरत होता, लाळ जमत होती. ती खरीखुरी जिवंत मुलगी होती आणि धडधडीत खोटं बोलत होती. राखणदाराला फक्त जिवंतपणा मोजता येतो.

तरी आण्णा नियम विसरले नाहीत. म्हणाले, "मॅडम, माझ्या पोरीचं पुण्यात घशाचं ऑपरेशन झालंया, तरी मी आधी तिला इचारतो." ती म्हणाली, "अवश्य विचारा काका, तसंच करायला हवं." त्यांनी मला फोन लावला, मी उचलला, घाईघाईनं बोलत सुटले, आणि त्यांच्या कानात लाल दिव्याची सूचना वाजली. मी तेव्हा समजले की आण्णांनी आपण होऊन फोन केलाय म्हणजे त्यांना इराप्पाचं पटलं असणार. ते मात्र घाबरून रेवतीकडे परत गेले. माझ्या नंबरवरच आता यंत्र बसलं होतं.

"मला हीच भीती होती," रेवती म्हणाली. "ती टोळी तुमच्या मुलीच्या नावावर काम करतेय. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, असं सांगतील. तुमच्या जुन्या माणसांकरवी सांगतील." आणि त्याच दिवशी दुपारी इराप्पा माझा निरोप घेऊन गेला. आण्णांनी त्याला शेडच्या बाहेर काढलं.

मग ती रोज बोलू लागली. घाई नाही, धमकी नाही. माझ्या नियमातली एकही गोष्ट तिनं मोडली नाही. हळूहळू काकांचे आण्णा झाले. आमच्या रोजच्या फोनचं आण्णांनीच तिला बोलता बोलता सांगून टाकलं. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "आण्णा, जेवलासा काय?" आणि आण्णा म्हणाले, "आत्ताच कुठलं? माणसं जेवतात तवा जेवणार की." इथं मी फोन बाजूला ठेवला होता. पुढचं ऐकायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

पुढचं असं होतं. तिनं विचारलं, "तुमच्या घरात एकमेकांना ओळखायची काही खास खूण आहे का? नोंदवून ठेवू, म्हणजे कुणी तिचा गैरवापर करणार नाही." आणि माझ्या वडिलांनी, मागवाल्यांच्या त्या सगळ्या मुक्या भाषेतली आमची खूण तिला कॅमेऱ्यासमोर दोनदा करून दाखवली. एकदा सावकाश, एकदा झटक्यात. तिनं आभार मानले. म्हणाली, "आता ही खूण आपल्या दप्तरी आली. तुमची खरी मुलगी बरी होऊन येईल तेव्हा तिच्या तोंडानं बोलेल. पण कुणी न बोलता नुसती ही खूण केली, तर समजा की ती चोरीला गेलीय."

इराप्पाचा निरोप आला तेव्हा माझे उपचार नुकते संपले होते. "ताई, दोन माणसं येऊन शेड मोजून गेली. आण्णा म्हणत्यात, शेड आणि घर सरकारच्या राखणीत देणार. तुमचं नाव काढलं की अंगावर येत्यात. लवकर या."

रात्रीच्याच गाडीनं निघाले. उन्हं तापायच्या आत आमच्या गल्लीत पोचले. शेजारच्या शेडमधले माग धडधडत होते, आमची शेड गप्प होती. इराप्पा दारातच थांबला होता. मला बघून त्यानं तोंडावर पंचा धरला. किरणांनी माझी हनुवटी सुजली होती, मानेवरचे केस गेले होते, गळ्याला पट्टी होती. मला आरशाची सवय झाली होती, त्याला नव्हती.

त्यानं दार ठोठावलं. "आण्णा, चंदनाताई आल्यात. मी सांगतो न्हवं? आपलीच ताई हाय."

खिडकी उघडली. गजांच्या पलीकडे आण्णा. कानात राखणदार, हातात फोन. आमच्यामध्ये हातभर अंतर होतं. मी त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण बघितलं. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, झालं, ओळखलं.

"चेहरा तर तिच्यावाणीच हाय," ते हळूच म्हणाले. मला नव्हे, फोनला.

"आण्णा, मी चंदना. फोन ठेवा. ती बाई खोटी आहे," गळपट्टी माझ्या आवाजात बोलली, वर्गाला बजावल्यासारखी. आण्णांचे डोळे माझ्या ओठांवर होते. श्रवणयंत्र माझा शब्द न् शब्द गिळत होतं.

"बोल की," आण्णा म्हणाले. "तू माझी चंदना असशील तर तोंडानं बोल. एकदा आण्णा म्हण. एवढंच म्हण, मी दार उघडतो."

मी ओठांनी म्हटलं. गळपट्टीनं म्हटलेलं राखणदारानं गिळलं, आणि गळ्यातल्या भोकातून नुसता वारा आला.

मग मला वाटलं, आवाजाची गरजच काय? आम्ही तर आवाजावाचूनच बोलत आलो. मी दोन बोटं जुळवली, छातीपुढे धरली, झटक्यानं फाकवली आणि तळहात आडवा धरला. सूत तुटलंय आण्णा, माग थांबवा.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतक्या भीतीनं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. "मॅडम," ते फोनमध्ये म्हणाले, "केली. तीच खूण केली."

खिडकी बंद झाली.

इराप्पा दारावर खांदा मारत होता. मी मुठींनी मारत होते. शेजारच्या मागांच्या आवाजात ते कुणाच्या कानावर जाणार? तेवढ्यात आतून आण्णांचा आवाज आला. कमी ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात, त्यामुळे एकेक शब्द स्पष्ट होता. "मी, भूपाल तातोबा मगदूम, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाशिवाय असं जाहीर करतो की..." ते दस्ताचं वाक्य होतं. मी "आण्णा, नको" म्हणत राहिले. माझ्या स्वतःच्या आवाजात, पुन्हा पुन्हा. गळपट्टीची शक्ती संपेपर्यंत.

इराप्पानं फोन करून बोलावलेले पोलीस आले तोवर नोंद झालेली होती. चार दिवसांनी शेडला नव्या मालकाचं कुलूप लागलं, आणि त्या कुलपापाशी उभे राहून आण्णा रेवतीला फोन लावत होते. तो नंबर पुन्हा लागला नाही. आम्ही तक्रार केली. तपासात असं निघालं की संमती देणारा आवाज जिवंत होता, त्यावर मारझोडीच्या वेदनेची खूण नव्हती, म्हणून दस्त प्रथमदर्शनी वैध. दावा चालू आहे. मी त्याच्याकडून काही आशा ठेवलेली नाही.

आण्णांना मी पुण्याला घेऊन आले. या वेळी ते येडा हाय काय, असं विचारत नाहीत. काहीच विचारत नाहीत. कानातलं यंत्र त्यांनी काढून गॅलरीतून खाली फेकलं, नवं घालू देत नाहीत. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. माझ्याशी ते रोज नव्यानं ओळख करून घेतात. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन लांब उभे राहतात. मी गळ्याची पट्टी सोडते. ते जवळ येतात आणि त्या भोकापुढे तळहात धरतात. माझा श्वास त्यांच्या हातावर येतो. ते चार-पाच श्वास मोजतात, मान हलवतात आणि मग चहाला बसतात. दिवसातली तेवढी एकच वेळ ते मला हात लावतात, आणि मी त्याची वाट बघते. दुपारपर्यंत त्यांची खात्री पुन्हा विरून जाते, ते मला अहो-जाहो करायला लागतात.

काल सकाळी त्यांनी हात जरा जास्त वेळ धरला. मला वाटलं, आज काहीतरी जुळतंय.

"गरम हाय," ते म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी हात मागे घेतला, धोतराला पुसला. राग नव्हता, भीतीही नव्हती. फार दमलेल्या माणसासारखे म्हणाले, "एवढं सगळं शिकले ते लोक. हे बी शिकले असतील."

ते खोलीत गेले आणि आतून कडी लावली. मी चहाचा कप घेऊन दाराशी गेले. खोलीच्या दाराला वर एक काचेचा तुकडा आहे, त्यातून ते दिसत होते, माझ्याकडेच बघत बसलेले. मी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होते, हात मोकळा होता, पण ती खूण करायची माझी हिंमत झाली नाही.